एकशे चाळीस एमबी

अ‍ॅप म्हणतं, जागा नाही.
आधी एकशे चाळीस एमबी मोकळे करा,
मग भरा पोरांची वजनं.
आणि मॅडमचा निरोप, पाच वाजेपर्यंत
मार्चचा डाटा चढलाच पाहिजे,
कारणं सांगू नका.

सरकारी मोबाईल केव्हाच बंद पडला, हा माझा आहे.
नेटवर्क फक्त टाकीच्या शिडीजवळ,
म्हणून मी तिसऱ्या पायरीवर,
आणि खाली शेवंताबाई खिचडी ढवळते.

सायकल आडवी लावून प्रज्वल सांगतो,
"बाई, पयले कॅश क्लिअर करा."
"कॅश असती तं नवा फोन नसता घेतला?"
हसला पोट्टा. मग त्यानंच दाबून दाखवलं.
सहा एमबी निघाले, कोंड्यासारखे.

मग मीच बसले पाखडायला.

शुभ सकाळ आधी.
गुलाब, वाफाळता चहा, सूर्य, परत गुलाब.
तीन वर्षांच्या सगळ्या सकाळी
एका दमात काढून टाकल्या,
ऊन होतं तिथंच राहिलं.

मग वाघ.
आमच्या ह्यांना व्हिडिओ पाठवायचा सोस.
एक वाघ रस्ता ओलांडतो,
खाली लिहिलेलं, सिंदेवाही रोड.
तोच वाघ, तशीच मान वळवून,
नागभीडला, मूलला, तळोधीला,
आणि एकदा तर आमच्याच बोडीच्या पाळीवर.
पाचही मारले अंगठ्यानं,
वनखात्याला न विचारता.
बावन्न एमबी.

बचत गटाच्या मिटिंगचा आवाज, पाऊण तास,
नुसती पंख्याची घरघर
आणि कुणीतरी दोनदा विचारतं,
"हप्ता कोनाचा रायला?"
दुर्गाबाईचा राहिला होता.
तिनं भरला नंतर. काढला.

भाचीच्या वरातीचा ठेवला, संध्याकाळी बघू.
संध्याकाळी बघू म्हणूनच तर
भरलाय हा फोन गळ्यापर्यंत.

अजून एकेचाळीस हवेत.
उरले वजनाचे फोटो.
एकेका पोराचे सात सात,
कारण झोळीत ठेवलं की आरुष मडावी पाय झाडतो
आणि काटा म्हणतो सात, सात दोनशे, सहा नऊशे,
सांग ना बाप्पा एकदाचं.
अ‍ॅपला एकच आकडा लागतो,
मग हिरवं, पिवळं, नाही तर लाल.
फोटो ते मागतही नाही.
मीच काढते, उद्या कुणी म्हटलं
घरी बसून आकडे भरले, तर दाखवायला.

अजून तरी आलं नाही कुणी बघायला.

काढत गेले. हललेला. अर्धा. अंगठा आलेला.
आणि काढता काढता दिसली ती,
प्रत्येक फोटोत, कधी भिंतीवरच्या अ आ इ वर,
कधी पोराच्या उघड्या पोटावर,
वाकलेली एक सावली,
एक हात वर, कोपर बाहेर,
अंबाडा एका बाजूला कललेला.
आधी वाटलं, शेवंताबाई.
मग ओळखलं.

या फोनात माझा एक फोटो नाही.
काढणारीचा कोण काढतं.
पण चारशे वजनांच्या मागे मी उभी आहे,
काळी, चपटी,
जानेवारीत आतल्या दारापर्यंत लांब,
मे महिन्यात पायाशी गोळा.

"झालं का, बाई?"
"थांब जरासा."

एक ठेवला. आरुषचा, सहा नऊशेचा.
तो रडतोय, काटा हलतोय,
आणि सावलीचा हात असा पडलाय
की वाटावं, झोळी तिनंच तोलून धरली.
दोन पूर्णांक तीन एमबी.
तेवढ्यासाठी वरातीतला घोडा गेला.

मग अ‍ॅप उतरू लागलं.
गोल फिरत राहिलं.
खालून शेवंताबाईनं हाक मारली,
पोरं बसली, या आता, नाही तं करपते.
टक्के चढत होते, अकरा, बारा, तेरा,
तेरा.