फुल्ली-गोळा

कतरिनबायचे ब्लाऊज द्यायला मरोळच्या गावठणात गेले
तर तिनं शिलाईतले तीस रुपये कापले
आणि वर सहा अंडी दिली बदकाची.
"केकला बरी," म्हणाली,
"उबवायची असली त फ्रीजमधे घालू नको, बाय.
नर माझा अजून कामाचा हाय."

पाचांचं ऑम्लेट झालं.
सहावं शलाकानं लपवलं माझ्या बॉबिनच्या डब्यात.

भाचीला अकरावं चालू आहे. हट्ट करत नाही,
करायचं ते करून टाकते
आणि मग बघत बसते माझ्या तोंडाकडे.

मग काय. मासळीवालीकडून थर्मोकोलचा खोका,
तीनदा धुतला तरी बोंबलाचा वास.
चाळीसचा बल्ब, ओला स्पंज,
आणि ताप बघायचं थर्मामीटर, दर वेळी झटकून.
साडेनव्व्याण्णव ठेवायचं, म्हणजे
नुसती कणकण.
कन्नमवार नगरातल्या या खोलीत
जागा उरलेली एकच, शिलाई मशीनच्या पायाशी.

अंड्यावर मार्किंगच्या निळ्या खडूनं
एकीकडे फुल्ली, एकीकडे गोळा.
सकाळी फुल्ली वर, दुपारी गोळा, रात्री परत फुल्ली.
या खेळात जिंकत कुणी नाही,
पाळी तेवढी चुकवायची नाही.
मी पाळी चुकवली नाही. लग्नाच्या घरची सतरा पोलकी चुकली.

सातव्या रात्री दिवा घालवून
शलाकानं मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं.
आत लाल दोरे, बारीक,
आणि मधोमध एक ठिपका, उडणारा.
पंचवीस वर्षं शिवते आहे मी.
दोरा सुरू कुठून झालाय, शोधत राहिले.
गाठ सापडली नाही.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी लाइट गेली, ती दोन तास.
अंडं मी पोलक्यात ठेवलं, जिथे पैशाची पुरचुंडी असते,
आणि तशीच बसून काजं केली.
वरच्या खानविलकर वहिनी पिकोची साडी न्यायला आल्या,
म्हणाल्या, ताठ का बसलात, पाठ धरलीय का?
हो म्हटलं.

पंचविसाव्यानंतर फिरवणं बंद.
हाताला सवय झालेली, खोक्यापर्यंत जायचा, परत यायचा.
सत्ताविसाव्याला आतून टक.
मशीन थांबवलं की टक टक टक,
चालवलं की गप्प.
मला वाटलं, आवाजाला घाबरतंय.

अकरा तास लागले त्याला.
"हात लावू नको, रक्त जातं,"
कतरिनबायनं फोनवर दोनदा बजावलं.
कुणाचंही चुकलेलं उसवून देणारी मी,
हातात उसवणी घेऊन
नुसती बसून राहिले पहाटेपर्यंत.

आलं ते अस्तराच्या ओल्या चिंधीसारखं.
शलाकानं तळहात पुढे केला, हाक मारली,
नाव तिनं केव्हाच ठरवलं होतं.
त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही.

दुपारी अंग वाळल्यावर, पिवळं झाल्यावर,
मी मशीनवर बसले, दोन टाके घातले असतील,
तर लडबडत, तोंडावर पडत
ते थेट पेडलशी गेलं
आणि लोखंडाला गळा घासत बसलं.
अठ्ठावीस दिवस ऐकत होतं.

शलाका रडली नाही.
"आत्या, ऊठ," म्हणाली, "मी चालवते."

तिच्या बापाला मी शब्द दिला होता,
पोर शिकेल, या पेडलला तिचा पाय लागणार नाही.
दिवसा अजून लागू देत नाही.

रात्री दोनला जाग येते.
दिवा नाही, सुईत दोरा नाही, दाबाखाली कापड नाही,
आणि मशीन चालू आहे हळूहळू.
कापडाशिवाय चालवलं की दात झिजतात,
हे मीच तिला सांगितलेलं.
खाली खोक्यातली चिवचिव कमी कमी होत जाते.

मी कूस बदलते.
उद्या पट्ट्याला तेल द्यायला हवं, फार वाजतो.
की नको.