चार अंश

नाशिकच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली,
बेचाळीस हजार चाललेली.
कंपनी युरोपातली, जन्म चाकणचा,
मुक्काम आता सावद्याला,
पत्र्याच्या शेडखाली,
ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यांशेजारी.

भंगाळ्यांनी तिला तीन बाजूंनी पाहिलं,
चौथी बाजू भिंतीला होती.
"जीपही नाही, मोटारही नाही,
हे काय खच्चर आणलं?"
म्हटलं, खच्चर घाट चढतं.

नवरा असून आडनावानंच हाक मारते मी त्यांना,
ग्रुपवर सगळे मारतात म्हणून.
गाडी ते शिकले नाहीत.
शेजारी बसतात छताजवळची कडी धरून
आणि दर गतिरोधकाला पायानं
नसलेला ब्रेक दाबतात.

जीपसारखी उंच, वळते रिक्षासारखी.
दांडावरून नेली तरी पोट घासत नाही.
डिकीत खताच्या चार गोण्या,
वर बारदान, बारदानावर फण्या.
छताला सरकणारी काच.
मे महिन्यात ती उघडायची म्हणजे
भट्टीचं झाकण काढून आत डोकं घालणं.
पहिल्याच उन्हाळ्यात आतून
जुन्या लुगड्याचा पदर शिवून लावला.
पारा सेहेचाळीस.
तिचं यंत्र तो आकडा निमूट दाखवायचं,
परक्या पाहुण्यानं आपली शेवभाजी
नाक पुसत खावी तसं.

पुस्तिकेत एक चित्र होतं,
सहा पाकळ्यांचं, बारीक.
अय्यूब पिंजाऱ्याला विचारलं.
त्यानं बोनेटखालून मान काढली.
"फूल व्हय भाभी, शोभेले टाकेल आहे."

मग पौषातली ती रात्र.
भुसावळला नणंदेला अडीचच्या गाडीत बसवलं.
भंगाळ्यांनी शालीतून हात काढून कडी धरली.
स्टेशनबाहेर नऊ.
तापीच्या पुलावर सहा.
बामणोद मागे पडलं आणि
टिंग.
एकदाच. पातेल्याला चमचा लागावा तसं.
काट्यांच्या मधोमध ते फूल उमललं,
शेजारी आकडा, चार.

आमच्या पट्ट्यात चार म्हणजे काय
ते केळीला विचारा.
घडातला चीक थिजतो,
साल काळवंडते, गर पिकायचं नाव घेत नाही,
आणि आठ दिवसांनी काटापट्टी लिहिताना
माझ्याच हातानं मी रकान्यात भरते : चरका.

भंगाळ्यांनी कडी सोडली,
काचेशी वाकले.
"घरी नको. मळ्यात घे."

गाडी बांधावर, तोंड केळीकडे, मोठे दिवे.
वाळलं पाचट, त्यावर ओला पाला,
डिकीतलं बारदान.
पेटेना, तेव्हा छताचा पदर ओढून काढला.
भंगाळे फोनवर ओरडत होते,
फेगडे, बोरोले, वायकोळ्यांची थोरली सून,
"उठा, धूर करा, विहिरीचं पाणी सोडा,
आमची गाडी सांगून राहिली!"
आणि ती उभी,
एवढ्या धुरात दिवे न मिचकावता,
इंजिन चालू, कुशीत ऊब,
मधेच मी जाऊन बोटं शेकून यायची.

पाटाकडच्या तीनशे खोडांना चरका लागलाच.
बाकीचं आम्ही वाचवलं
की थंडीनंच पाऊल मागे घेतलं,
कोण सांगणार.

फेब्रुवारीत अय्यूबनं एसीची जाळी उपसली.
काळीकुट्ट.
"काय जाळलं भाभी?"
सांगितलं सगळं. म्हटलं, फूल नव्हतं ते,
बर्फाचं चिन्ह होतं, त्यांच्याकडे पडतो तसल्या.
तो थोडा वेळ पान्याशी खेळला.
फैजपूरला त्याच्या आजोबाचं पिंजणाचं दुकान होतं.
ताँत वाजायची, कापूस वर उडायचा,
खाली यायला किती वेळ घ्यायचा,
पोरांच्या पापण्यांवर, शेळीच्या पाठीवर,
चहाच्या कपात.
"मंग बर्फ मी पाहेल आहे," तो म्हणाला,
आणि जुनी जाळी टायरवर
आपटत राहिला.