सहा फोन

स्क्रीनवर सहा फोन उघडलेत,
एकही खरा नाही.
पंखा घोंघावतोय, जणू कुणी होडीचं इंजिन
माझ्या मांडीवर चालू ठेवून चहाला गेलंय.

पहिल्यात बॅटरी तीन टक्के, मीच ठेवलेली.
दुसऱ्याला रेंज नाही.
तिसरा सुवर्णदुर्गाच्या पलीकडे, भर समुद्रात:
दोन आकडे टाइप केले नि पोचला,
ना तांडेल लागला, ना बर्फ.
चौथा मराठीत. त्याच्या 'बोली लावा'तला 'वा'
बटणाबाहेर सांडतो.
उरलेले दोघे नुसती मेमरी खातात.

मग ती संपलीच. सगळे एकदम गोठले,
सुरमई सातशेवर.

खाली हर्णै बंदरात खरा लिलाव पेटलेला.
लॅपटॉप मिटून माझाच फोन घेऊन गेले.
धाकूकाका पावसेंनी हात लुंगीला पुसला,
बोट टेकवलं. काही नाही.
परत पुसला. काही नाही.
काचेवर फक्त एक खवलं, चमकणारं.
"तुझ्या सहांतला एकपण भिजत नाय काय गो?"

रात्री बग नोंदवला: ओलं बोट.
'डिव्हाइस'च्या रकान्यात कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला.
शेवटी लिहिलं,
धाकूकाका.