धूर धुतलेलं पाणी

नळ आला पहाटे सव्वातीनला,
पाचव्या दिवशी.
नायनांनी पाइप पिंपात सोडला,
आणि झोप मोडलीच आहे तर म्हणून विचारलं,
"बोटीवर तू करतो काय नेमकं?"

अकरा वर्षं सांगत आलो, इंजिन बघतो.
त्या पहाटे म्हटलं, धूर धुतो.

ते हसले. मग हसायचे थांबले.
साखर पेठेमागच्या डाय हाउसात
त्यांनी चाळीस वर्षं सूत धुतलंय.
धुणं ही त्यांच्या लेखी चेष्टा नाही.

मग सांगत बसलो, पायरीवर.
तेल कसलं, डांबरच ते,
तापवल्याशिवाय जागचं हलत नाही,
आणि जळलं की गंधक घशात बसतो.
म्हणून धुराड्याच्या पोटात एक मनोरा,
आत कड्यांवर कडी, कड्यांना बारीक तोट्या.
धूर खालून चढतो, पाणी वरून कोसळतं,
वाटेत गाठ पडते दोघांची,
गंधक पाण्याच्या अंगाला लागतो,
आणि वर निघतं ते पांढरं,
तांदळाच्या वाफेसारखं.
बंदरावरचे लोक फोटोसुद्धा काढतात.

"पाणी किती?"
सोलापूरच्या माणसाचा पहिला प्रश्न.
"टँकरात धरलं तर तासाला चाळीस. पंचेचाळीस."
पाइप निसटला त्यांच्या हातातून.
फरशीवर सांडलं ते फडक्यानं टिपून
त्यांनी बादलीत पिळलं, थेंब न थेंब.
"समुद्राचं असतंय, नायना. खारं."
"खारं असलं म्हणून फुकट होतंय व्हय?"

पिंप अर्धं झालं.
शेजारी लच्चव्वाची मोटर सुरू झाली,
आमची धार बारीक.

"आणि धुतलेलं पाणी?"

आमच्या गल्लीत पोरं गटार बघून वार सांगायची.
लाल म्हणजे बुधवार, हिरवं म्हणजे शुक्रवार.
सूत चोख निघायचं,
चादरीवर मोर उभा राहायचा पिसारा फुलवून,
आणि त्याचं उरलंसुरलं
आमच्या दारावरनं जायचं, दुपारभर.
नायनांची नखं अजून निळी आहेत मुळाशी.
त्यांना थाप मारता येत नाही.

म्हटलं, दोन तऱ्हा आहेत.
एक व्हॉल्व्ह आहे.
उघडा असला तर सगळं समुद्रात,
मीटर आहेत, आकडे आहेत, आकड्यात बसतं.
बंद असला तर तेच पाणी गरगर फिरवायचं,
कॉस्टिक घालून त्याचा आंबूसपणा मारायचा,
खाली बसलेला काळा गाळ टाकीत ठेवायचा,
आणि बंदरात पावती घेऊन द्यायचा.
काही बंदरं उघडू देत नाहीत.
तिथं वरून फोन येतो, बंद करा.

"कॉस्टिक? पांढरं?"
"आमच्याकडे पातळ येतंय. तेच."
त्यांनी उजवा तळवा दिव्याखाली धरला.
अंगठ्याखालची कातडी
चुरगळून वाळलेल्या कागदासारखी.
आमच्या टाकीवर एक चित्र आहे,
थेंब पडतोय आणि खाली हात.
रोज बघतो मी ते.
हात कुणाचा, हे कधी मनात आलं नव्हतं.

"मग बंदच ठेवून का चालवत नाही?"
"खर्च येतो. मालक…"
हा शब्द मात्र समजवावा लागला नाही.

पिंप भरलं. त्यांनी झाकण ठेवलं, वर पाटा.
पाइप गुंडाळून लच्चव्वाच्या भिंतीवरून पलीकडे दिला,
ओला हात धोतराला पुसला,
आणि आत जाता जाता म्हणाले,
"तुझ्याकडं व्हॉल्व्ह तरी आहे.
आमच्याकडं नुसता उतार होता."

आता मी पुन्हा बोटीवर.
फोन येतो त्यांचा, माझी पहाटेची पाळी संपताना.
पूर्वी विचारायचे, जेवलास का.
आता विचारतात, बंद आहे का?

कधी मी हो म्हणतो, आणि तो खरंच बंद असतो.
कधी म्हणतो, रेंज नाही इथं,
नायना, काही ऐकू येत नाही.