चौदा आणि बेचाळीस

हरिपुऱ्याच्या चढावर चेननं पुन्हा दात सोडले.
खट्ट, आणि मग रिकामी घरघर:
मूठ पिळतोय, इंजिन ओरडतंय,
चाक जागच्या जागी.
मागच्या कॅरिअरला नायट्रोजनची कॅन,
तिच्यात उणे एकशे शहाण्णववर
न जन्मलेली वासरं गारठून बसलेली,
आणि वर पाड्यावर रेमसिंग पावराची गाय
रात्रीपासून हंबरतेय.

गाडी ढकलत पोचलो तेव्हा दुपार कलली होती.
गाय शांत. रवंथ करत होती.
वेळ येऊन गेली होती तिची.
रेमसिंग काही बोलला नाही,
पाण्याचा तांब्या पुढं केला फक्त.
एकवीस दिवस गेले त्याचे.

दुसऱ्या सकाळी सातला यावलात,
सुभान तडवीच्या पत्र्यापुढं.
मे महिन्यात तो दहापर्यंतच लोखंडाला हात लावतो,
नंतर पाना चटका देतो
आणि गिऱ्हाईकही.

मागल्या चक्रावर चेन चिमटीत धरून त्यानं ओढली.
चेन उचलली गेली, खाली अर्ध्या दाताएवढा उजेड.
"हे पाह्य, डाक्टर."
मी म्हटलं, नुसती चेन टाक,
चक्रं पुढच्या महिन्यात बघू.
लोक माझे पैसे गाय व्याल्यावर देतात,
कधी कधी वासरू पाहून देतात.
तो हसला नाही.
"जुने दात नव्या चेनीले जगू देत नाही, भो.
तिघं संगं झिजले, तिघं संगं जातीन."

पुढलं झाकण निघालं. आत पाच वर्षांचा रस्ता,
काळा, लोण्यासारखा मऊ:
किनगावची माती, साकळीची माती,
केळीबागेतल्या पाटाचा गाळ,
गवताची एक काडी, अजून जवळजवळ हिरवी.
गुलशेरनं ते पेचकसानं खरवडून पेपरावर घेतलं
आणि घडी घालून फेकून दिलं.

पुढचं चक्र माझ्या तळहातावर ठेवलं त्यानं.
चौदा दात.
हातात दिलं की माणूस मोजतोच.
सगळे एकाच बाजूला वाकलेले,
वाऱ्यात निसवलेल्या दादरसारखे,
टोकं इतकी बारीक की बोटाला लागली.
मागलं बेचाळिसांचं. ते मोजलं नाही मी.

नवं चक्र बसवलं
आणि सुभाननं त्यावर पुन्हा जुनीच चेन चढवली.
मी म्हटलं, ही कशाला?
त्यानं उत्तर दिलं नाही.
जुनीच्या शेपटाला नवी जोडली,
आणि इंजिनच्या आडोशाला, जिथं बोट जात नाही,
तिथून जुनीला हळूहळू ओढत राहिला.
ती कुरकुरत बाहेर आली, एक एक कडी,
तिच्या मागं ही, चकचकीत, तेलातली, बिनबोभाट.
मग लॉक काढून त्यानं दोघींना वेगळं केलं.
जुनी निंबाच्या खिळ्याला टांगली.
तिथं आणखी चार-पाच होत्या.

लॉकचं उघडं तोंड चालण्याच्या उलट दिशेला.
"तोंड पुढं ठेवलं तं पहिला दगडच उघडतो त्याले."
ढील बोटभर. जास्त ताणायची नाही.
केळीच्या सोपटानं हात पुसत म्हणाला,
पाचशे किलोमीटर झाले की ये,
नवी चेन आधी ढिली पडते, मग ऐकते.
पैसे त्यानं निम्मेच घेतले. उरलेले वहीत.

विसाव्या रात्री झोप लागली नाही नीट.
एकविसाव्या दिवशी फोन आला,
आणि हरिपुऱ्याचा चढ
गाडी दुसऱ्या गिअरवर चढली, गुपचूप.
पाड्यावर कुत्रंही भुंकलं नाही.
रेमसिंग पाठमोरा होता, दचकून वळला.
"पायी आला का, डाक्टर?"

गाय उभी होती, शेपूट बाजूला करून.
मी कॅनचं झाकण उचललं.
पांढरी वाफ सांडून
खाली तिच्या खुरांत जाऊन बसली.