मूठ क्रमांक चाळीस

लुमेझान्यात सगळ्यांचं पोट पितळेवर:
नळ, चमचे, बंदुकीचे चाप, थडग्यांवरची अक्षरं.
एर्मेते बोनोमेल्ली फक्त दारांच्या मुठी करायचा.
तो सांगायचा, मी कोरायचे
नासपतीच्या लाकडात. एकतीस वर्षं.

कागदावर त्याचा विश्वास कमी.
मऊ मेणाचा गोळा घेऊन दुपारी बाहेर पडायचा,
बेकरीवाल्या पिएराला म्हणायचा, दाब.
पोस्टमनला, पाद्र्याला, माझ्या सात वर्षांच्या पोराला:
दाब, घाईत दार उघडताना दाबतात तसं.
संध्याकाळी बाकावर बावीस गोळे,
कुणाची करंगळी वाकडी, कुणाचा अंगठा हट्टी.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल;
त्याला तिच्या आतली पोकळी हवी असायची.

मिलानमध्ये पदक मिळालं.
ते माझ्या लेथच्या डुगडुगत्या पायाखाली आहे.
भाषणात एवढंच म्हणाला,
कुणी माझ्या मुठीकडे पाहिलं
तर समजा काहीतरी अडकलंय.
लोक हसले. तो विनोद करत नव्हता.

एकदा मात्र चुकला. एकाहत्तर साली,
नारिंगी प्लास्टिक, जो तो त्याच्यामागे वेडा,
खालच्या शहरातल्या इस्पितळात चारशे दारं.
थंडी पडली तशा मुठी मानेत मोडू लागल्या;
एक नर्स रात्रभर औषधांच्या खोलीत अडकली.
तिचं नाव त्यानं विचारून घेतलं, दोरीना,
आणि मोडकी मूठ स्वतःच्या न्हाणीघराला लावली.
रोज पक्कडीनं दार उघडायचा.
बायको वैतागून माहेरी गेली, परत आली,
पक्कड तिथेच.

चाळिसावी त्यानंतरची.
कोपरानं उघडते. कडेवर पोर असो, काखेत पाव असो.
किती दारांना लागली, हिशोब कंपनीकडे;
त्याला एकदाच पैसे मिळाले, थोडेच.
हातचं राखून काम करणं जमलं नाही,
म्हणून हाती काही राहिलं नाही, असं सून म्हणते.

मंगळवारी निरोप आला.
मी सुनेसाठी सूप नेलं, दोन्ही हातांत पातेलं.
चढण, मग जिना, मग तो, पांढऱ्या चादरीवर,
तळवे उघडे.
पातेलं ठेवलं, बसले.
बऱ्याच वेळानं मनात आलं:
दार लोटलेलं होतं की बंद?
मी आत आले कशी?
उठून पाहायला गेले नाही.