वेलदोडा

ताइस्तो केम्पाइनेन खुर्चीच्या काठावर बसला.
टोपी गुडघ्यावर, तिच्यातला बर्फ
थेंबथेंब फरशीवर.
म्हणाला, हे तुझ्यामाझ्यात.
मी मान हलवली. चूक तिथेच झाली.
आधी सांगायचं असतं, की या खोलीला
एक दार आहे, कायद्याच्या अंगणात उघडणारं,
आणि त्याची कडी माझ्या हातात नाही.

सुओमुस्साल्मीच्या अलीकडचं वळण,
सकाळचे सात, म्हणजे डिसेंबरात रात्रच.
मागे अकरा पोरं, निम्मी पेंगलेली,
आणि एकाएकी वेलदोड्याच्या पावाचा वास,
गाडीत, बंद काचांच्या आत.
मग काहीच नाही.
मग बस रस्त्यावरच, पण एक फाटा मागे पडलेला.

किती वेळा?
स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.
तीन उचलली. जरा थांबून चौथं.

ताइस्तो, मी म्हटलं, हे मला कळवावं लागेल.

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.
तुला शाळेत मीच न्यायचो, म्हणाला.
दर सोमवारी ओकायचीस, तिसऱ्या सीटखाली.
शेवटच्या थांब्यावर पुसून टाकायचो.
बोललो कधी कुणाला?

फॉर्म दीड पानाचा.
परवान्याचा प्रकार, शुद्ध कधीपासून हरपते, किती सेकंद.
सेकंद मी अंदाजाने लिहिले.
वेलदोड्याला रकाना नव्हता.
उठताना त्याने बाहीने फरशीवरचं पाणी पुसलं,
त्यालाही नव्हता.
विचारलं तेवढंच लिहिलं. बाकी माझ्याकडे आहे,
आणि राहील.

मार्चमध्ये बसवर कायानीहून एक मुलगी आली,
वळणावर फार हळू चालवते म्हणतात.
दुकानात गल्ल्यावरच्या हिल्काने मलाच विचारलं,
ताइस्तोने अशी अचानक का गं सोडली?
तुला ठाऊक असणारच.
मी सुटे पैसे मोजत राहिले. दोनदा मोजले.

गुडघे, मागून आवाज आला.
रांगेत तोच, हातात दुधाचा डबा.
गुडघे गेले, हिल्का.
अगं बाई, ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.
मी पावती घडी घातली.

बाहेर पार्किंगमधल्या निसरड्या बर्फावरून
तो ताठ चालत गेला, काठीबिठी काही नाही,
एकदाही न अडखळता.
माझ्या पिशवीत वरच पाव होता, वेलदोड्याचा, गरम.
मी तो बटाट्यांखाली सरकवला
आणि तो वळणाआड जाईपर्यंत
दारातच थांबले.